राख, टोळी आणि तलाव

भांडी घासण्यालाही इतिहास असतो. जुन्या चांदा जिल्ह्यात (गडचिरोली त्यातूनच १९८२ साली वेगळा झाला) भांड्याला लागे ती चुलीतली राख आणि धानाच्या तणसाचा बोळा. लाकडाच्या राखेत पोटॅशचा खार असतो. तो तेलकटाला भिडला की थोडासा साबणच तयार होतो. पितळेला मात्र चिंच हवी. पुढे खाणींच्या बाजूला शेगडीत दगडी कोळसा आला. त्याच्या राखेत हा खार नसल्यासारखाच. ती नुसती खरवडते.

दुसरा साबण मोहाचा. मोहाच्या बियांना, म्हणजे टोळीला, भरपूर तेल असते. १९५७ साली खादी-ग्रामोद्योग आयोग स्थापन झाला, आणि कडुनिंब, करंज, मोह यांच्या तेलांचा साबण हा त्याचा एक उद्योग ठरला. कागदोपत्री ही तेले ‘अखाद्य’. इकडचा गोंड मात्र टोळीच्या तेलात भाजी करीत आला आहे, हे त्या कागदाला कोण सांगणार!

मग कृत्रिम पावडरी आल्या. त्यांचा फेस नद्यांवर तरंगू लागला, तेव्हा पश्चिम जर्मनीने १९६१ साली कायदा केला: फेस करणारे द्रव्य पाण्यातल्या जंतूंना पचले पाहिजे. काही पावडरींत फॉस्फेटही असे. ते शेवाळाचे खतच.

आपल्याकडे प्रश्न तलावाचा आहे. वैनगंगेत पडलेले पुढे वाहून जाते, मामा तलावात पडलेले तिथेच मुरते. ‘मामा’ म्हणजे माजी मालगुजारी, बरं का! १९५१ साली मालगुजारी गेली, तलाव राहिले. त्याच पाण्यावर धान पिकतो, त्यातच ढीवर मासे धरतात, शिंगाडा लावतात. शेवाळ माजले की रात्री पाण्यातला प्राणवायू सरतो आणि सकाळी मासे पोट वर करून दिसतात. शेतातल्या खताचाही यात वाटा आहेच. सगळा दोष भांड्यांना देणे बरे नव्हे.

१९९१ साली सरकारने निर्मळ मालासाठी मातीच्या घड्याचे चिन्ह काढले. साबणही त्यात होता, पण ते घेणारे कारखानदार थोडेच निघाले. तेव्हा वेष्टन आपणच वाचावे: वनस्पती तेलाची वडी, फॉस्फेट नको, वास-रंग बेताचा. २०१६ पासून उज्ज्वला योजनेचा गॅस घरोघर आला. धूर गेला ते उत्तमच, पण त्याबरोबर फुकटची राखही आटली. ज्यांची चूल अजून पेटते, त्यांनी ती राख चाळून ठेवावी. मात्र राख काय, साबण काय, माशाच्या कल्ल्यांना दोन्ही सोसत नाहीत. भांडी घरीच घासावीत आणि ते पाणी परसातल्या केळीला सोडावे.