खात्याचे पान

भिलाई हे नाव उच्चारताच डोळ्यांपुढे उभी राहते ती पोलादाची भट्टी. २ फेब्रुवारी १९५५ रोजी सोव्हिएत संघाशी या कारखान्याचा करार झाला. त्या वेळी दुर्ग जिल्हा ज्या मध्य प्रदेश राज्यात मोडत होता त्याची राजधानी नागपूर होती आणि हिंदीच्या बरोबरीने मराठी ही त्या राज्याची राजभाषा होती. पुढल्याच वर्षी राज्यांची पुनर्रचना होऊन राजधानी भोपाळला गेली. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. इतिहासाची ही बाजू सर्वपरिचित आहे. परंतु कारखान्यामागून वसाहत येते, वसाहतीमागून बाजार येतो आणि बाजाराबरोबर हिशेबाची वही येते. त्या वहीचा इतिहास मात्र क्वचितच सांगितला जातो.

जुन्या गावच्या पेठेत दुकानदार गिऱ्हाइकाला नावानेच नव्हे, तर घराण्याने ओळखत असे. कोणाच्या घरी यंदा लग्न आहे, कोणाचे पीक बुडाले, कोणाचा शब्द म्हणजे रोकड आणि कोणाचा शब्द म्हणजे नुसता वारा, हे त्याला कोणी सांगावे लागत नसे. भिलाईत असे पिढीजात गिऱ्हाईक कोठून असणार? सेक्टर ६ आणि त्याच्या आसपासचे सेक्टर वसले ते बंगाल, आंध्र, केरळ, पंजाब, विदर्भ अशा दूरदूरच्या प्रांतांतून आलेल्या माणसांनी. दुकानदारही नवा आणि गिऱ्हाईकही नवे. ज्याच्या आजोबाला कोणी पाहिले नाही, त्याला महिन्याच्या पगारापर्यंत उधार द्यायचे, तर आठवणीवर भिस्त ठेवून चालत नाही. आठवण लिहून ठेवावी लागते. नव्या वसाहतीत ओळख जन्माला येते ती वहीतच.

वहीत ओळख लिहिण्याची ही कला मराठी माणसाला अपरिचित नाही. पेशवे दफ्तरातील रोजकीर्दी ज्यांनी चाळल्या आहेत, त्यांना जमाखर्चाची शिस्त ठाऊक आहे. दिवसाचा व्यवहार घडेल तसा रोजकीर्दीत टिपायचा, मग तो ज्याच्या त्याच्या नावावर खतावणीत चढवायचा. व्यापाऱ्यांच्या पेढ्यांवरही हीच रीत होती. डावीकडे जमा, उजवीकडे नावे. परंतु त्या ओळींत केवळ आकडे नसत. रक्कम कशाबद्दल आली हे लिहिलेले असे आणि ‘हस्ते’ म्हणून ती कोणी आणून दिली हेही लिहिलेले असे. हा ‘हस्ते’ शब्द मोठा बोलका आहे. बापाच्या नावचे देणे मुलगा आणून देऊ लागला, की मुनिमाला घरात काय पालटले ते कळे. एका पानावर माणूस आणि त्याचा पैसा असे एकत्र नांदत असत. ‘खाते’ या शब्दात दोन्ही अर्थ सामावलेले होते.

हे पान पुढे दुभंगले. लुका पाचोली या इटालियन गणितज्ञाने १४९४ साली व्हेनिसमध्ये छापलेल्या ग्रंथात द्विनोंदी पद्धतीची मांडणी केली. त्या पद्धतीने हिशेबाला विलक्षण अचूकता आली आणि कालांतराने हिशेब हे स्वतंत्र खाते, स्वतंत्र विद्या आणि स्वतंत्र माणसाचे काम होऊन बसले. विक्रीसाठी हिंडणारा मनुष्य आपली टिपणवही निराळी बाळगू लागला. गणकयंत्र आले तेव्हा ही फूट आयतीच तयार होती. यंत्राने ती पक्की केली.

हिशेबाच्या बाजूचा भारतीय इतिहास येथे मुद्दाम सांगण्याजोगा आहे. कारखान्यांना व कापडगिरण्यांना कच्चा माल आणि यंत्रांचे भाग पुरवणारे श्यामसुंदर गोएंका यांना आपल्या धंद्याचे हिशेब नीट ठेवील असे सॉफ्टवेअर मिळेना. त्यांनी आपले पुत्र भरत गोएंका यांना ते तयार करावयास सांगितले आणि १९८६ साली बंगळूरमध्ये त्या कामाने व्यवसायाचे रूप घेतले. तेच पुढे ‘टॅली’ या नावाने घरोघरच्या दुकानांत पोहोचले. गिऱ्हाइकाची ओळख जपणाऱ्या सॉफ्टवेअरचा वंश अगदी निराळा. १९८७ साली अमेरिकेत विक्रेत्यांच्या टिपणवहीची जागा घेणारे ‘अ‍ॅक्ट’ निघाले. १९९३ मध्ये सीबेल आणि १९९९ मध्ये सेल्सफोर्स या कंपन्या स्थापन झाल्या. श्रीधर वेम्बू यांच्या झोहोने २००५ साली या क्षेत्रात पाऊल टाकले. या जातीच्या सॉफ्टवेअरला सीआरएम, म्हणजे ग्राहकसंबंधांची व्यवस्था, असे म्हणतात. एकाच पानाचे दोन तुकडे असे दोन निरनिराळ्या घरी वाढले.

त्याची किंमत कोण मोजतो? सेक्टर ६ मधील पंप दुरुस्त करणारी एखादी लहानशी पेढी डोळ्यांपुढे आणावी. विक्रेता गिऱ्हाइकाला वर्षभराच्या देखभालीचा शब्द देऊन येतो. त्याच्या नावावर तीन बिले थकली आहेत हे त्याला ठाऊक नसते. उलट हिशेबनीस दुसऱ्या एका सज्जनाला थकबाकीची कडक सूचना धाडतो. त्या सज्जनाचा पंप चार दिवसांत बंद पडला आणि त्याची तक्रार विक्रेत्याच्या टिपणात पडून आहे, हे हिशेबनिसाच्या कानी गेलेले नसते. पहिल्या प्रसंगी पैसा बुडतो. दुसऱ्या प्रसंगी पत जाते. लहान धंद्याला पैशाची खोट एक वेळ सोसते, पण प्रामाणिक गिऱ्हाइकाचा झालेला अपमान सोसत नाही.

कायद्यानेही या दोन वह्यांची गाठ घातली आहे. पोलाद कारखान्याच्या आश्रयाने भिलाईत जोडकाम, ओतकाम आणि सुटे भाग करणारे अनेक लघुउद्योग उभे राहिले. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार अशा लघुउद्योगाचे पैसे ठरल्या मुदतीत, आणि कोणत्याही परिस्थितीत ४५ दिवसांच्या आत मिळाले पाहिजेत. मुदतच ठरली नसेल तर १५ दिवसांत. विलंब झाला तर बँक दराच्या तिप्पट दराने, मासिक चक्रवाढीने व्याज देय होते. पण हे दिवस मोजायचे कोठून? माल पोहोचला त्या दिवसापासून. मात्र खरेदीदाराने १५ दिवसांच्या आत लेखी हरकत घेतली असेल, तर त्या हरकतीचे निवारण झाले त्या दिवसापासून. म्हणजे हरकत असते संबंधांच्या वहीत आणि मुदत असते हिशेबाच्या वहीत. दोहोंची भेट झाली नाही, तर आपल्या हक्काचा दिवस कोणता हेच कारखानदाराला सांगता येत नाही.

म्हणून सॉफ्टवेअर निवडताना त्याच्या अंगच्या कलांची लांबलचक यादी वाचण्यापूर्वी काही साधे प्रश्न विचारणे शहाणपणाचे ठरते. पहिला प्रश्न असा, की दोन्ही वह्यांत गिऱ्हाईक एकच आहे हे यंत्राला कशावरून कळणार? एका ठिकाणी दुकानाचे नाव, दुसऱ्या ठिकाणी मालकाचे, तिसऱ्या ठिकाणी स्पेलिंगचा फरक; अशाने एका माणसाची तीन माणसे होतात. १ जुलै २०१७ पासून आलेल्या वस्तू व सेवा कराने येथे एक आयती खूण दिली आहे. नोंदणीकृत व्यापाऱ्याचा क्रमांक १५ अक्षरांचा असतो. त्यातील पहिले दोन अंक राज्याचे, छत्तीसगडचे २२ आणि महाराष्ट्राचे २७, आणि पुढील दहा अक्षरे त्याच्या आयकर क्रमांकाची. नागपूरचे बिल आणि दुर्गचे बिल यांवरील कर निराळा का, हेही त्या पहिल्या दोन अंकांवरून उमजते. नोंदणी नसलेल्या गिऱ्हाइकासाठी दूरध्वनी क्रमांक ही खूण मानता येते. खूण कोणतीही असो, ती आधी ठरली पाहिजे.

दुसरा प्रश्न अधिकाराचा. कोणती गोष्ट कोणत्या वहीत जन्म घेणार आणि तेथून कोणत्या दिशेने जाणार? चौकशी, भावपत्रक, तक्रार, दिलेला शब्द यांचे घर संबंधांच्या वहीत. बिल, जमा आणि बाकी यांचे घर हिशेबात. विक्रेत्याला बाकी दिसावी, पण त्याच्या हातून ती बदलू नये. कंपनी कायद्याखालील कंपन्यांना १ एप्रिल २०२३ पासून हिशेबातील प्रत्येक फेरफाराची नोंद आपोआप राहील असेच सॉफ्टवेअर वापरावे लागते. खाडाखोड न करण्याची जुन्या मुनिमाची शिस्तच या नियमात पुन्हा अवतरली आहे.

तिसरा प्रश्न जोडणीचा. टॅलीसारखे सॉफ्टवेअर बहुधा दुकानातल्याच यंत्रावर नांदते. सीआरएम बहुधा दूरच्या यंत्रावर, इंटरनेटच्या पलीकडे असते. दोहोंमध्ये निरोप्याचे काम करणारा तिसरा कार्यक्रम लागतो. दुकानातील यंत्र बंद असेल तर निरोप्या दारातच थांबतो. हिशेब आणि संबंध या दोन्ही वह्या एकाच घरच्या असल्या तर ही अडचण पुष्कळशी टळते, पण मग सारी मदार एकाच घरावर राहते. त्यातून बाहेर पडावेसे वाटले तर आपली सर्व माहिती वाचता येईल अशा रूपात परत मिळेल काय, हे प्रवेशापूर्वीच विचारलेले बरे. दहा खरी गिऱ्हाइके, त्यांची बिले, एक परत आलेला माल आणि एक अर्धवट जमा एवढे घालून महिनाभर चालवून पाहावे. जाहिरातीत न सांगितलेले पुष्कळ काही तेवढ्यात कळते.

आणि गिऱ्हाइकाची माहिती ही गिऱ्हाइकाचीच ठेव आहे. २०२३ साली संसदेने व्यक्तिगत डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला; पण त्याआधीही एकाची वही दुसऱ्यापुढे न उघडणे हा पेढीचा अलिखित धर्म होताच.

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी नव्या वहीच्या पहिल्या पानावर ‘श्री’ लिहून तिची पूजा करण्याची चाल आपल्याकडे आहे. अनेक दुकानांत आता त्या वहीशेजारी गणकयंत्रालाही हळदकुंकू वाहिले जाते. त्यात हसण्यासारखे काही नाही. परमुलखातून आलेल्या अनोळखी माणसांना ज्या पानाने एकमेकांवर विश्वास टाकावयास शिकवले, त्या पानाचा तो मान आहे. यंत्र कोणतेही घ्यावे. त्यात गिऱ्हाइकाचे खाते उघडले असता त्याचे देणे आणि त्याचे म्हणणे एकाच पानावर वाचता आले, म्हणजे निवड योग्य झाली असे समजावे.