खेळातले राज्य आणि गावातले राज्य

संगणकावर राज्य चालविण्याचे खेळ असतात, हे आपण मुलांच्या तोंडून ऐकलेच असेल. 1991 साली निघालेला ‘सिव्हिलायझेशन’ हा त्यातला एक नावाजलेला. त्यात एकतंत्र, राजेशाही, लोकशाही असे कारभाराचे प्रकार आहेत. राजवट बदलावयाची तर क्रांती करावयाची, थोडे डाव अराजक सोसावयाचे, की लागलीच सारे राज्य नव्या नियमाने चालू लागते!

आमच्या एका विद्यार्थ्याने असाच खेळ अहमदनगरच्या निजामशाहीवर रचायला घेतला आणि आराखडा मला दाखवायला आणला. मधोमध सुलतान, त्याच्या हाती खजिना आणि फौज; राजधानी पडली की खेळ खलास. मी म्हटले, “अरे, मग तुझा खेळ 1600 सालीच आटोपला!”

का ते पहा. मलिक अहमदने 1490 मध्ये बहामनी सत्तेपासून फुटून हे राज्य उभे केले. 1595-96 च्या वेढ्यात चांदबिबीने किल्ला राखला. पण 1600 मध्ये तिची हत्या झाली, किल्ला मोगलांनी घेतला, बाल सुलतान कैदेत गेला. तरीही निजामशाही आणखी 36 वर्षे टिकली. ती कशावर टिकली?

हबसाणातून गुलाम म्हणून आलेल्या मलिक अंबरने राजघराण्यातल्या मुर्तजाला परांड्यास तख्तावर बसविले आणि पेशवा होऊन कारभार हाती घेतला. (पेशवा म्हटले की आपल्याला पुणे आठवते, पण हे पद निजामशाहीत आधीपासून होते.) म्हणजे छत्र एकावर आणि सत्ता दुसऱ्याकडे. खेळात ही गोष्ट दाखवावी कशी, हा पहिला पेच.

दुसरा पेच मोठा, आणि तो आपल्या शेतातला आहे. मोगलांशी वर्षानुवर्षे लढायचे तर पैसा हवा. पूर्वी वसुली मक्त्याने देत. मक्तेदाराने सरकारात ठरीव रक्कम भरावी आणि रयतेकडून हाताला लागेल ते ओरबाडावे. अंबरने हा मक्ता मोडला. ग्रँट डफने 1826 च्या आपल्या इतिहासात लिहिले आहे, की अंबरने काही हंगामांचा अनुभव घेऊन खऱ्या उत्पन्नाचा बेताचा हिस्सा ठरविला आणि पुढे त्याचे रोख रकमेत रूपांतर केले. धान्यात हा हिस्सा दोनपंचमांश होता असे म्हणतात. रोखीत तो सुमारे एकतृतीयांश पडे, अशी परंपरा डफनेच दिली आहे. आजच्या हिशेबाने हाही भार हलका नव्हे. पण किती द्यावयाचे हे आधी कळले, म्हणजे कुणबी पेरणीला धजतो.

विद्यार्थ्याच्या आराखड्यात कर वाढवायची एक खिट्टी होती. ती वर सरकवली की खजिना भरे. मी त्याला म्हटले, ती खिट्टी राहू दे, पण तिच्यामागे गाव घाल. त्या काळी जमीन पुष्कळ होती, कसणारे हात थोडे. सारा डोईजड झाला की कुणबी रातोरात बैल हाकून दुसऱ्याच्या मुलखात जाई. पुढच्या साली रान पडीक आणि खजिना रिकामा. मग त्याच माणसाला कौल देऊन परत बोलवावे लागे, पहिली वर्षे सूट द्यावी लागे.

आणि ही वसुली करीत कोण होते? सुलतान नव्हे. गावात पाटील-कुलकर्णी, परगण्यात देशमुख-देशपांडे. ही माणसे सरकारची नोकर नव्हेत, वतनदार. देशमुख सरकारचा सारा गोळा करी आणि परगण्याच्या वतीने सरकारशी घासाघीसही करी. वतनाचा तंटा पडला तर गोतसभा बसे, बलुतेदारांचीही साक्ष होई आणि निवाड्याचा महजर होई. वर मोगल येवोत की आदिलशाही, पाटील तोच! त्याला जिंकावे लागत नसे, राजी करावे लागे. तोफांपेक्षा हे काम किचकट.

सरदारांचेही तसेच. 1624 मध्ये नगरजवळ भातवडीला अंबरने मोगल आणि आदिलशाही अशा दोन्ही फौजा मोडल्या. त्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले आणि त्यांचे बंधू शरीफजी पडले. 1626 मध्ये अंबर वारला. 1629 मध्ये निजामशहाने दौलताबादेस लखुजी जाधवरावांची हत्या करविली आणि भरवशाची माणसे राज्याला दुरावली. पाठोपाठ 1630 ते 1632 चा भयंकर दुष्काळ. 1633 मध्ये दौलताबादही गेले. तेव्हा संगमनेर तालुक्यातल्या पेमगिरीच्या गडावर शहाजीराजांनी निजामशाही वंशातला एक लहान मुलगा तख्तावर बसवून कारभार चालविला, तो 1636 पर्यंत. ना राजधानी, ना खजिना. मुलाच्या नावाला मान देणारी माणसे आणि काही गड, एवढेच त्या राज्याचे भांडवल.

हे सगळे ऐकून पोराने आराखडा उलटा ठेवला आणि मागच्या कोऱ्या बाजूला आधी गाव काढले. पांढरी, काळी, वेस, चावडी. मग मान वर करून विचारले, “सर, मग खेळणाऱ्याने सुलतान व्हायचे, की पाटील?”