वृद्ध मांजराचा स्मृतिभ्रंश : ओळख, शुश्रूषा आणि काही अवघड निर्णय

मांजरालाही स्मृतिभ्रंश होतो, असे सांगितले की आपल्याकडचे बहुतेक लोक आधी हसतात आणि मग विचारतात, 'ते कळते कसे?' प्रश्न रास्त आहे. मांजर मुळातच आपल्या तंद्रीत वावरणारे. हाक मारल्यावर ते आले नाही, तर विसरले की त्याला यायचेच नव्हते, हे कोण सांगणार? शिवाय म्हातारे मांजर जवळून पाहिल्याची आठवण आपल्यापैकी अनेकांच्या गाठीशी नसते. गावाकडच्या घरात मांजर असे ते कणगीभोवतीच्या उंदरांसाठी. ते चुलीपाशी उबेला येई, दूधभाताचा वाटा खाई आणि एक दिवस यायचे थांबे. त्याचे वय कुणी मोजत नसे.

ब्रिटनमध्ये स्थायिक झालेल्या मराठी घरांतील मांजराचे आयुष्य निराळे असते. लसीकरण, नसबंदी आणि तयार खाद्य यांच्या आधाराने ते पुष्कळदा 15 वर्षे गाठते. 18 ते 20 वर्षांची मांजरेही आता दुर्मीळ राहिलेली नाहीत. पशुवैद्यांच्या प्रचलित हिशेबानुसार मांजराची पहिली 2 वर्षे माणसाच्या 24 वर्षांबरोबर आणि पुढचे प्रत्येक वर्ष 4 वर्षांबरोबर धरतात. म्हणजे 15 वर्षांचे मांजर हे 76 वर्षांचे आजोबा झाले. या वयात माणसाच्या मेंदूत जे घडू शकते, ते त्यांच्याही मेंदूत घडते.

वैद्यकीय परिभाषेत या विकाराला 'कॉग्निटिव्ह डिसफंक्शन सिंड्रोम' म्हणतात. अल्झायमरच्या रुग्णांत आढळणारे अमायलॉइड बीटा हे प्रथिन वृद्ध मांजरांच्या मेंदूतही साचते, हे बरीच वर्षे ठाऊक होते. 2025 मध्ये एडिंबरा विद्यापीठातील संशोधकांनी 25 मांजरांच्या मेंदूंची मरणोत्तर तपासणी प्रसिद्ध केली. त्यांत स्मृतिभ्रंशाची लक्षणे दिसलेली मांजरेही होती. चेतापेशी जिथे एकमेकींशी जोडल्या जातात, त्या चेतासंधींतच हे प्रथिन साठल्याचे त्यांना दिसले, आणि मेंदूतील साहाय्यक पेशी त्या संधी गिळंकृत करत असल्याच्या खुणाही मिळाल्या. या संशोधनाचे महत्त्व मांजरांपुरते नाही. प्रयोगशाळेतील उंदरांत अल्झायमरसदृश विकार जनुकीय फेरफार करून निर्माण करावा लागतो. मांजराला तो आपसूक होतो.

प्रमाणाविषयी नेहमी उद्धृत होणारा अंदाज असा आहे : 11 ते 14 वर्षांच्या मांजरांपैकी सुमारे 28 टक्के आणि 15 वर्षांपुढील सुमारे निम्म्या मांजरांत या विकाराशी जुळणारा किमान एक वर्तनबदल दिसतो. 'किमान एक वर्तनबदल' म्हणजे पक्के निदान नव्हे. तो फरक पुढे महत्त्वाचा ठरतो.

'दिशा' हरवते तेव्हा

या लक्षणांची इंग्रजी आद्याक्षरे जुळवून पशुवैद्य 'दिशा' असा शब्द वापरतात. तो मुळात कुत्र्यांसाठी रूढ झाला, आणि आपल्या भाषेत त्याचा अर्थ काय होतो हे तो जुळवणाऱ्यांना बहुधा ठाऊक नसावे. पण योगायोग मोठा अचूक आहे. पहिलेच लक्षण दिशाभुलीचे. मांजर रोजच्या खोलीत हरवल्यासारखे उभे राहते, कोपऱ्यात शिरते आणि मागे फिरणे त्याला सुचत नाही, किंवा दाराच्या बिजागरीच्या बाजूला उभे राहून दार उघडण्याची वाट पाहते. दुसरे लक्षण माणसांशी असलेल्या नात्यातील बदलाचे. आयुष्यभर अंतर राखून असलेले मांजर एकाएकी पायात पायात घोटाळते, तर मांडीवरून न उतरणारे मांजर पलंगाखाली जाऊन बसते. दिवस-रात्रीचे चक्र उलटते. वाळूच्या ट्रेची सवय सुटते. हालचाल मंदावते किंवा निरर्थक येरझाऱ्या सुरू होतात. काही मांजरे आत्ताच खाल्लेले विसरून पुन्हा मागतात.

मात्र बहुतेक घरांना दवाखान्याची पायरी चढायला लावते ते रात्रीचे रडणे. ते नेहमीचे म्याँव नसते. मोठा, लांबलेला, घशातून येणारा हंबरडा असतो, आणि तो रात्री 3 वाजता रिकाम्या जिन्यावरून येतो.

'वय झाले' हे निदान नव्हे

या लेखातील एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ती ही. मांजराच्या स्मृतिभ्रंशासाठी कोणतीही रक्तचाचणी नाही. इतर सर्व कारणे वगळल्यावर जे उरते, त्याला हे नाव दिले जाते. आणि ती 'इतर कारणे' बहुतांशी उपचारसाध्य असतात.

आमच्या घरातील मनी 16 वर्षांची असताना रात्री रडू लागली. मी लेख वाचले, लक्षणे जुळवली, आणि हा स्मृतिभ्रंशच असे ठरवून मोकळी झाले. चार महिने आम्ही शयनगृहाचे दार लावून घेत होतो. पुढे लसीच्या निमित्ताने दवाखान्यात गेल्यावर पशुवैद्यांनी तिच्या पुढच्या पायाला लहानसा पट्टा बांधून रक्तदाब मोजला. तो धोकादायक पातळीवर होता आणि एका डोळ्यातील दृष्टिपटल सुटू लागले होते. अम्लोडिपिनची छोटी गोळी सुरू झाल्यावर आठ-दहा दिवसांत रडणे निम्म्यावर आले. त्या डोळ्याची नजर परत आली नाही. उरलेले निम्मे रडणे हा खरा स्मृतिभ्रंश होता. पण आधीच्या चार महिन्यांची भरपाई नाही.

म्हणून तपासणीत काय काय व्हायला हवे, हे माहीत असावे. रक्तदाब तर हवाच. तो प्रत्येक भेटीत आपोआप मोजला जातो असे गृहीत धरू नये, तसे स्पष्टपणे विचारावे. थायरॉईड ग्रंथीची अतिक्रियाशीलता हा वृद्ध मांजरांचा अगदी नेहमीचा आजार. खूप खाऊनही वजन घटणे, अस्वस्थता आणि रात्रीची ओरड ही त्याची चिन्हे. मूत्रपिंडाचा जुनाट विकार, मधुमेह आणि मूत्रमार्गाचा संसर्ग यांमुळे ट्रेबाहेर लघवी होते आणि तिचे खापर विसराळूपणावर फुटते. बहिरे झालेले मांजर मोठ्याने ओरडते, कारण त्याला स्वतःचा आवाज ऐकू येत नाही. दातांचे दुखणे आणि क्वचित मेंदूतील गाठ हेही तपासावे लागते.

सांधेदुखीविषयी थोडे अधिक. 12 वर्षांवरील मांजरांच्या क्ष-किरण तपासणीत 90 टक्क्यांत सांध्यांची झीज दिसल्याचा 2002 मधील अभ्यास प्रसिद्ध आहे. मांजर लंगडत नाही, कण्हत नाही. ते फक्त उडी मारणे सोडते. उंच कडेच्या ट्रेमध्ये पाय टाकताना दुखते, म्हणून ते ट्रेशेजारी बसते, आणि आपण म्हणतो, विसरले. या वेदनेसाठी महिन्यातून एकदा द्यायचे फ्रुनेव्हेटमॅब हे इंजेक्शन ब्रिटनमध्ये उपलब्ध आहे. अमेरिकेत त्याला जानेवारी 2022 मध्ये मान्यता मिळाली. ते आपल्या मांजराला योग्य आहे का, हे पशुवैद्यांनी ठरवायचे.

दवाखान्यात जाताना मोबाईलवर चित्रफीत न्यावी. परीक्षा-टेबलावर प्रत्येक मांजर भेदरलेले आणि सावध असते. घरातील भ्रम तिथे दिसत नाही.

जग लहान करणे

स्मृतिभ्रंश बरा होत नाही. शुश्रूषेचा गाभा एवढाच, की मांजराला जितके आठवते तितकेच त्याचे जग ठेवावे. सुरुवातीच्या काळात थोडा खेळ, खाऊ शोधण्याची सोपी कोडी, खिडकीपाशी बसायला जागा यांचा उपयोग होतो. विकार वाढल्यावर तीच विविधता त्रासदायक ठरते. तेव्हा एक शांत खोली निवडून तिथेच अंथरूण, पाणी, अन्न आणि ट्रे ठेवावा. अर्थात ट्रे अन्नाला चिकटून नको. मांजर कितीही विसरले तरी ही शिस्त विसरत नाही.

फर्निचर हलवू नये. ट्रेची जागा, वाळूचा प्रकार, जेवणाची वेळ बदलू नये. ट्रे कमी उंचीच्या कडेचा असावा, आणि दुमजली घर असेल तर प्रत्येक मजल्यावर एक. सोफ्याला पायरी किंवा उतार लावावा. जिन्यात आणि ट्रेजवळ रात्री मंद दिवा ठेवावा. ब्रिटनमधील हिवाळ्यात दुपारी 4 वाजता अंधारते, तेव्हा हे दिवे संध्याकाळपासूनच लागतात. दिवसा पडदे उघडे ठेवून उजेड मिळू द्यावा, संध्याकाळी थोडे खेळवावे आणि झोपण्यापूर्वी कोमट केलेले अन्न थोडेसे द्यावे. पोट भरलेले मांजर लवकर झोपते.

रात्री ते रडू लागले तर रागावू नये. त्याला शिक्षेचा संबंध कळत नाही, फक्त भीती वाढते. हलक्या आवाजात बोलत जवळ जावे, पाठीवर हात ठेवावा, खोलीत परत न्यावे. अनेक मांजरांना एवढे पुरते. आमच्या घरी मनीचे अंथरूण शेवटी आमच्याच पलंगाशेजारी आले.

इथे एक खासगी गोष्ट सांगते. माझ्या पुण्यातील मावशीलाही याच काळात स्मृतिभ्रंशाचे निदान झाले. मावशीसाठी मला करता आले ते रविवारचे व्हिडिओ कॉल; मांजरासाठी मी रोज रात्री उठत होते. परदेशातील बऱ्याच वाचकांना ही विसंगती ओळखीची वाटेल. मी ती सोडवू शकले नाही. मावशीच्या घरातील वस्तूंची जागा बदलू नका, हे मात्र मी मनीमुळे शिकून मावसभावाला सांगू शकले.

औषधे, आणि घरातील विषे

कुत्र्यांच्या स्मृतिभ्रंशासाठी मान्य असलेले सेलेजिलिन हे औषध मांजरांसाठी परवानाप्राप्त नाही. ब्रिटनमधील पशुवैद्य ते 'कॅस्केड' नियमाखाली, मालकाच्या संमतीने देऊ शकतात. फ्लुऑक्सेटिनसारख्या औषधांबरोबर ते चालत नाही, म्हणून चालू असलेली प्रत्येक गोळी सांगणे आवश्यक. मत्स्यतेल, ब जीवनसत्त्वे, अँटिऑक्सिडंट आणि आर्जिनिन यांचे मिश्रण दिलेल्या मांजरांची आकलन-चाचण्यांतील कामगिरी सुधारल्याचे 2013 मधील एका अभ्यासात दिसले, पण ती मांजरे मध्यम आणि उतारवयाची होती. चमत्काराची अपेक्षा नको.

याहून तातडीचे काय देऊ नये ते. कुत्र्यांसाठीच्या काही मेंदूपूरक गोळ्यांत अल्फा लिपॉइक आम्ल असते. ते मांजराला विषारी आहे. पॅरासिटामॉलची एक गोळीही त्याच्या जिवावर बेतू शकते. माणसांची स्मृतिभ्रंशाची औषधे किंवा भारतातून आणलेली ब्राह्मी-अश्वगंधेची चूर्णे स्वतःच्या मनाने देऊ नयेत. मांजराच्या यकृताला अनेक द्रव्यांचे विघटन माणसासारखे जमत नाही. देवघरातील कापूर आणि सुगंधी तेले त्याच्या खोलीपासून दूर असावीत. लिलीची फुले घरात नकोतच. आणि सहा महिन्यांसाठी आलेल्या आजीला प्रेमाने समजवावे, की न जेवणाऱ्या मांजरापुढे फोडणीचा भात ठेवायचा नाही. कांदा आणि लसूण त्याच्या तांबड्या रक्तपेशी नष्ट करतात.

भारतवारीचा प्रश्न

दिवाळीत किंवा लग्नसराईत तीन आठवडे घर सोडायचे झाले तर निरोगी मांजर कॅटरीत राहू शकते. स्मृतिभ्रंश झालेल्या मांजरासाठी अनोळखी पिंजरा म्हणजे उरलेसुरले भानही जाणे. शक्य असेल तर परिचित व्यक्ती घरीच राहायला बोलवावी, आणि ती आपण जाण्याआधी दोन-चारदा येऊन गेलेली असावी. जेवणाच्या वेळा, औषधे आणि रात्रीचा क्रम कागदावर लिहून ठेवावा. परत आल्यावर मांजराने काही दिवस ओळख दाखवली नाही तर मनाला लावून घेऊ नये.

कायमचे मायदेशी परतणाऱ्यांचा प्रश्न अधिक कठीण. लांबचा विमानप्रवास, त्यात गुंगीचे औषध देणे सहसा टाळले जाते, आणि पलीकडे सर्वस्वी नवे घर. काही कुटुंबांनी परतीची तारीख पुढे ढकलली आहे. त्यांना हसण्याचे कारण नाही.

इंग्लंडमध्ये 10 जून 2024 पासून पाळीव मांजरांना मायक्रोचिप सक्तीची आहे. चिप असली तरी तिच्या नोंदीतला पत्ता आणि फोन क्रमांक जुना असेल तर उपयोग शून्य. दिशाभूल झालेल्या मांजराला बाहेर मोकळे सोडू नयेच, पण दार उघडे राहतेच कधीतरी.

शेवटाचा निर्णय

दयामरणाविषयी आपल्या घरांत बोलणे अवघड जाते. कुणाला ते पाप वाटते, कुणाला पळवाट. इकडचे पशुवैद्य मात्र तो प्रश्न सरळ विचारतात, आणि त्या वेळी आपली तयारी नसते. अमेरिकेतील पशुवैद्य ॲलिस व्हिलालोबोस यांनी तयार केलेली मोजपट्टी इथे उपयोगी पडते. वेदना, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल आणि वाईटांपेक्षा चांगले दिवस अधिक आहेत का, अशा सात बाबींना गुण द्यायचे. आम्ही त्याची सोपी आवृत्ती करतो : भिंतीवरच्या दिनदर्शिकेत रोज रात्री एक खूण, चांगला दिवस किंवा वाईट. घरातील प्रत्येकाने वेगळी खूण करावी, कारण रात्री उठणाऱ्याचा आणि सकाळी खाऊ घालणाऱ्याचा हिशेब निराळा निघतो.

वेळ आलीच तर अनेक पशुवैद्य घरी येतात. भ्रमित मांजरासाठी तेच बरे. शेवटचा प्रवास पिंजऱ्यातून होत नाही. आधी गुंगीचे इंजेक्शन, मग भूल देणाऱ्या औषधाची मोठी मात्रा. मुलांना थांबायचे असल्यास थांबू द्यावे. नंतर दहन करून रक्षा घरी मिळण्याची सोय असते. घर स्वतःचे असेल तर बागेत पुरताही येते, भाड्याचे असेल तर मालकाची परवानगी लागते. खड्डा मात्र खोल घ्यावा, कारण त्या औषधाचा अंश शरीरात राहतो आणि कोल्हे रात्री उकरतात.