चांदमारी आणि कान

फैजपूरहून दक्षिणेला निघून तापी ओलांडली, की वरणगाव फारसे दूर नाही. तिथल्या आयुध निर्माणीत रायफलींची काडतुसे तयार होतात. पण केळीच्या बागांच्या या मुलखात शाळा-महाविद्यालयातल्या मुलामुलींचा खऱ्या काडतुसाशी संबंध येतो तो बहुधा एकाच ठिकाणी, राष्ट्रीय छात्रसेनेच्या चांदमारीवर. १९४८ साली स्थापन झालेल्या या छात्रसेनेत पॉइंट टू-टू रायफलीने नेम धरायला शिकवतात. चांदमारीवर शिस्त कडक असते. काडतुसे मोजून देतात, रिकामी टरफले मोजून परत घेतात. मोजदाद होत नाही ती एकाच गोष्टीची. सकाळी किती चांगले कान मैदानात आले आणि संध्याकाळी किती परत गेले?

हा प्रश्न वाटतो तितका नवा नाही. १७८२ साली ब्रिटिश नौसेनापती रॉडनी याच्या जहाजावरून तोफांच्या ऐंशी फैरी झडल्या आणि पुढचे सुमारे दोन आठवडे त्याला जवळजवळ काही ऐकू आले नाही. १८३१ साली जॉन फॉसब्रोक या डॉक्टरने लोहारांच्या बहिरेपणावर ‘लॅन्सेट’मध्ये लिहिले. १८८६ साली ग्लासगोच्या टॉमस बार यांनी बॉयलर बनवणाऱ्या शंभर कामगारांचे कान तपासले. साधन काय, तर खिशातल्या घड्याळाची टिकटिक! ती नेहमीच्या अंतरावरून ऐकू येईल असा कामगार त्यांना सापडला नाही. म्हणजे मोठ्या आवाजाने कान जातो हे ज्ञान शंभर-दीडशे वर्षांपूर्वीच हाती आले होते. उपाय मात्र फार मागे राहिला. असे का झाले हे समजण्यासाठी आधी थोडे भौतिकशास्त्र पाहू.

आपल्याला जेमतेम ऐकू येणाऱ्या आवाजाचा दाब सुमारे २० मायक्रोपास्कल असतो. त्याला शून्य डेसिबल म्हणतात. दाब दसपट झाला की २० डेसिबल वाढतात. यावरून १४० डेसिबलला दाब किती होईल, ते विद्यार्थ्यांना काढायला सांगावे. उत्तर येते २०० पास्कल, म्हणजे मूळ दाबाच्या एक कोटी पट. बंदुकीच्या बारासारख्या क्षणिक आवाजासाठी हीच धोक्याची रेषा मानली जाते. पॉइंट टू-टू रायफल या रेषेच्या आसपास असते, तर सैनिकी रायफल १६० च्याही वर जाते. सैनिकी रायफलीची गोळी ध्वनीच्या वेगाच्या दुपटीहून अधिक वेगाने धावते, म्हणून नळीतल्या स्फोटाखेरीज गोळीचा स्वतःचाही कडाडणारा आवाज असतो.

निसर्गाने कानाला एक संरक्षण दिले आहे. मोठा आवाज आला की मध्यकर्णातला एक चिमुकला स्नायू आखडतो आणि आत जाणारी कंपने कमी करतो. पण त्याला पूर्ण आखडायला सेकंदाचा दहावा हिस्सा किंवा त्याहून अधिक वेळ लागू शकतो. बंदुकीचा बार तर काही मिलिसेकंदांत आटोपतो. आतल्या कर्णावर्तात, गोगलगाईच्या शंखासारख्या त्या नळीत, सुमारे पंधरा हजार केशपेशी असतात. माणसात त्या मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. पहिला घाला साधारणपणे ४००० हर्ट्झच्या आसपास पडतो. त्यामुळे माणसाला आवाज ऐकू येतो, पण ‘स’, ‘श’, ‘फ’ ही अक्षरे निसटतात. वर्गातला असा विद्यार्थी बहिरा वाटत नाही, दुर्लक्ष करणारा वाटतो. उजव्या खांद्याला दस्ता लावणाऱ्याचा डावा कान नळीच्या तोंडाकडे असतो आणि उजव्या कानावर डोक्याची सावली पडते, म्हणून अशा नेमबाजांचा डावा कान बहुधा आधी जातो.

आता उपायांचा इतिहास. सर्वांत जुना उपाय म्हणजे कापसाचा बोळा. तो आजही दिसतो, पण कोरडा कापूस जेमतेम पाच-सात डेसिबल अडवतो. कारण त्याच्या तंतूंमधून हवा जाते, आणि जिथून हवा जाते तिथून आवाजही जातो. बर्लिनच्या माक्स नेगवेर या औषध विक्रेत्याने १९०७ साली मेण आणि कापूस एकत्र मळून ओहरोपाक्स नावाचे बोळे बनवले. पहिल्या महायुद्धात ते जर्मन सैनिकांपर्यंत पोचले. ब्रिटिशांकडे त्याच युद्धात मॅलॉक-आर्मस्ट्राँग नावाचे कर्णरक्षक होते. त्यात पातळ पडदा बसवलेला असे. बोलणे ऐकू यावे आणि तोफेचा धक्का मात्र अडावा, अशी कल्पना होती. म्हणजे तेव्हाच दोन गरजा स्पष्ट झाल्या होत्या. आवाज अडला पाहिजे आणि हुकूम ऐकू आला पाहिजे. चांदमारीवर दुसरी गरज पहिलीइतकीच महत्त्वाची. ‘थांबा’ ऐकू आले नाही तर जिवावर बेतेल.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत रबरी बोळे वेगवेगळ्या मापांत निघाले. सगळ्यांची कर्णनलिका सारखी नसते, ही त्यामागची जाण. खरे वळण आले १९६७ नंतर. रॉस गार्डनर हे संशोधक सांधे बंद करण्याच्या पदार्थांवर काम करत होते. ऊर्जा शोषणारा एक फेस त्यांच्या हाती आला. तो दाबला तर लहान होई आणि सोडल्यावर सावकाश मूळ आकारावर येई. चोळून सुरळी करावी, कानात सरकवावी, तिथे ती फुगून नलिकेचा आकार घेते. १९७२ साली हे बोळे बाजारात आले. रचना इतकी सोपी, की किंमत नगण्य झाली.

१९७९ साली अमेरिकेत प्रत्येक पाकिटावर किती डेसिबल कमी होतात तो आकडा छापणे सक्तीचे झाले. पण हा आकडा प्रयोगशाळेतला. तिथे बोळा नीट बसवून चाचणी घेतात. प्रत्यक्षात माणसे तो अर्धवट खुपसतात. म्हणून तिथल्या व्यवसाय-आरोग्य संस्थेने १९९८ साली सल्ला दिला, की फेसाच्या बोळ्यांचा आकडा निम्मा धरावा आणि इअरमफच्या आकड्यातून पाव हिस्सा वजा करावा. बसवण्याचे महत्त्व पुढे एका मोठ्या वादातून जगापुढे आले. अमेरिकी सैन्याला दिलेला दोन तोंडांचा एक बोळा आखूड आहे आणि काहींच्या कानात सैल पडतो, असा आरोप झाला. दोन लाखांहून अधिक दावे दाखल झाले. २०२३ साली थ्री-एम कंपनीने दोष मान्य न करता सुमारे ६०० कोटी डॉलर देऊन ते मिटवायचे ठरवले. आरोप होता तो जेमतेम काही मिलिमीटरचा!

आपल्याकडे हा विषय आता थोड्यांपुरता राहिलेला नाही. अंजली भागवत छात्रसेनेतूनच नेमबाजीकडे वळल्या आणि २००० साली सिडनी ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत पोचल्या. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने २०२४ साली पॅरिसला ५० मीटर रायफल प्रकारात कांस्यपदक मिळवले. त्या स्पर्धेच्या पात्रता फेरीत ६० गोळ्या झाडाव्या लागतात. सरावातल्या गोळ्यांची तर गणतीच नाही. अशी उदाहरणे पाहून गावोगावची मुले रायफल हाती घेत आहेत.

मग निवडायचे काय? हवेच्या रायफलीचा आवाज तुलनेने कमी असतो. पॉइंट टू-टूसाठी नीट बसवलेले फेसाचे बोळे किंवा चांगला इअरमफ पुरतो. सैनिकी रायफल किंवा छप्पर असलेली चांदमारी असेल तर दोन्ही एकदम वापरावे. मात्र दोन्हींची बेरीज होत नाही. मोठ्या आकड्यात आणखी पाच ते दहा डेसिबलच मिळतात, कारण काही आवाज कवटीच्या हाडांतूनही आत पोचतो. इअरमफखाली चष्म्याची जाड दांडी किंवा केस आले की फट पडते. हुकूम ऐकू येऊन बार अडवणारे इलेक्ट्रॉनिक इअरमफ मिळतात, पण ते महाग असतात. आपली पाळी नसलेल्यांनी, मोजणी करणाऱ्यांनी आणि शिक्षकांनीही कान झाकावेत. बार कोणी केला याची कानाला पर्वा नसते.

बोळा नीट बसला की नाही, हे पाहण्याची परीक्षा वर्गातही करता येते. एका हाताने कान डोक्यावरून वर व मागे ओढायचा, म्हणजे नलिका सरळ होते, आणि दुसऱ्या हाताने सुरळी आत सरकवायची. ती फुगेपर्यंत बोटाने अर्धा मिनिट धरून ठेवायची. मग मोठा आवाज चालू असताना दोन्ही तळव्यांनी कान घट्ट झाकून सोडायचे. आवाजात फारसा फरक जाणवला नाही, तर बोळा बसला. बराच फरक पडला, तर काढून पुन्हा बसवावा. चांदमारीच्या आदल्या दिवशी प्रत्येक छात्राकडून हे करून घेतले, तर दुसऱ्या दिवशी काडतुसांबरोबर कानांचीही मोजदाद झाली असे म्हणता येईल.