टेलिफोनला काय जोडायचं, हे ठरवणार कोण?

ऑफिसातली इंटरनेटची केबल सैल झाली की नेटवर्क सांभाळणारा मुलगा म्हणतो, "आरजे-४५ बदलावा लागेल." यातलं 'आरजे' म्हणजे 'रजिस्टर्ड जॅक', नोंदणी झालेलं सॉकेट. लँडलाइनच्या वायरीच्या टोकाला असणारा, टिक् आवाज करून बसणारा छोटा पारदर्शक प्लग, म्हणजे आरजे-११, हाही त्याच घराण्यातला. ही नोंदणी होती अमेरिकेतली, १९७०च्या दशकातली. इंटरनेटच्या प्लगला ते नाव पुढे उसनं मिळालं आणि जगभर चिकटलं.

एका साध्या सॉकेटची सरकारदरबारी नोंदणी करायची वेळ का आली, याची गोष्ट एका वाटीपासून सुरू होते.

वाटीवरचा खटला

'हश-अ-फोन' हे वाटीसारखं एक साधन १९२१पासून अमेरिकेत विकलं जात होतं. फोनच्या बोलायच्या टोकाला ते अडकवायचं आणि त्यात तोंड घालून बोलायचं. शेजारच्या टेबलावरच्या माणसाला आपलं बोलणं ऐकू जात नसे. त्यात वायर नाही, वीज नाही, काहीच नाही.

पण त्या काळी अमेरिकेत फोन ग्राहकाच्या मालकीचा नसे. देशातले बहुतेक फोन एटी अँड टी या एकाच कंपनीच्या जाळ्यात होते. तारा तिच्या, एक्स्चेंज तिचं आणि टेबलावरचं यंत्रही तिचंच. ते तिच्याच कारखान्यात बनायचं आणि दरमहा भाड्यानं मिळायचं. कंपनीच्या दरपत्रकात एक अट होती: कंपनीनं न दिलेली कोणतीही वस्तू फोनला जोडायची नाही. हे दरपत्रक सरकारी आयोगाकडे, म्हणजे एफसीसीकडे दाखल केलेलं असल्यानं त्याला कायद्याचं बळ होतं.

हश-अ-फोनच्या मालकानं १९४८मध्ये आयोगाकडे तक्रार केली. १९५०मध्ये सुनावणी झाली. ध्वनिशास्त्रज्ञ लिओ बेरानेक यांनी वाटीच्या बाजूनं साक्ष दिली. कंपनीचं म्हणणं होतं की वाटीमुळे आवाज पोकळ येतो, पलीकडच्या माणसाला नीट कळत नाही आणि एकूण टेलिफोन सेवेचा दर्जा घसरतो. निकालाला १९५५ उजाडलं आणि आयोगानं कंपनीचीच बाजू घेतली.

पुढच्याच वर्षी वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयानं तो निकाल उलटवला. न्यायालयाचा मुद्दा साधा होता. फोनवर बोलताना तोंडाभोवती हाताचा द्रोण केला तरी आवाज असाच बदलतो. मग हातानं केलेलं चालतं आणि वाटीनं केलेलं चालत नाही, हे कसं? ग्राहकाला स्वतःच्या सोयीसाठी फोन हवा तसा वापरता आला पाहिजे, फक्त त्यातून इतरांचं नुकसान होता कामा नये.

'इतरांचं नुकसान' ही कसोटी इथे पहिल्यांदा ठळकपणे पुढे आली. मात्र नुकसान म्हणजे नेमकं काय, हे अजून कोणी सांगितलं नव्हतं.

कार्टरचा फोन

टेक्ससमधल्या थॉमस कार्टर यांचा धंदा रेडिओ यंत्रणेचा होता. त्यांचे ग्राहक तेलविहिरींवर आणि मोठमोठ्या कुरणांवर काम करणारे. त्यांच्याजवळ वायरलेस असायचा, पण त्यावरून घरी किंवा ऑफिसात फोन लावता यायचा नाही. कार्टरनं एक पाळणा बनवला. ऑफिसातल्या माणसानं फोनचा रिसीव्हर त्यात ठेवला की फोनमधला आवाज रेडिओवर जायचा आणि रेडिओवरचा फोनमध्ये. इथेही तारेला तार जोडलेली नव्हती. १९५९ ते १९६६ या काळात असे सुमारे ३,५०० 'कार्टरफोन' विकले गेले.

टेलिफोन कंपन्यांनी ग्राहकांना बजावलं की हे वापराल तर सेवा बंद होईल. कार्टर न्यायालयात गेले, तिथून प्रकरण आयोगाकडे आलं. जून १९६८मध्ये आयोगानं निर्णय दिला: कार्टरफोननं टेलिफोनच्या जाळ्याला कसलाही अपाय होत नाही, त्यामुळे त्यावरची बंदी बेकायदा, आणि बाहेरच्या सगळ्याच वस्तूंवर सरसकट बंदी घालणारी ती अटही बेकायदा.

पण कंपनीनं लगेच नवी वाट काढली. १९६९पासून लागू झालेल्या नव्या दरपत्रकात म्हटलं होतं की बाहेरचं यंत्र खुशाल जोडा, मात्र आमचा 'संरक्षक' डबा मध्ये बसवून. डबा आमचा आणि त्याचं भाडं तुमच्याकडे. कंपनीच्या स्वतःच्या यंत्रांना मात्र असा डबा लागत नसे. संगणक टेलिफोन लाइनला जोडणारे मोडेम, आन्सरिंग मशीन, ऑफिसचे स्विचबोर्ड यांना बाजार खुला झाला खरा, पण दारावर टोलनाका बसला. तो टाळायचा तर उपाय एकच: रिसीव्हर उचलून मोडेमच्या दोन रबरी वाट्यांमध्ये बसवायचा आणि संगणकाला अक्षरशः शिट्ट्या मारून बोलायला लावायचं. जुन्या हॉलिवूडपटात हे दृश्य दिसतं, ते या भानगडीमुळे.

कंपनीची भीती खोटी होती का?

पूर्णपणे नव्हती. रिकाम्या टेलिफोन लाइनवर साधारण ४८ व्होल्ट असतात, घंटा वाजताना ९०च्या आसपास. खांबावर चढलेला लाइनमन हे गृहीत धरून काम करतो. कुणाच्या सदोष यंत्रातून घरातली वीज त्या तारेत उतरली, तर जीव जायचा तो लाइनमनचा. शिवाय शेकडो जोड्या एकाच जाड केबलमधून शेजारी-शेजारी धावतात. एकीवर सिग्नल जास्त जोरात सोडला तर तो शेजारच्या जोडीत झिरपतो.

१९७०मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या तज्ज्ञांनी हे धोके खरे असल्याचं मान्य केलं. मात्र त्यावर कंपनीचा डबा हा एकमेव इलाज नाही, असंही सांगितलं. प्रमाणं ठरवून यंत्रं तपासली आणि ती शिस्त नीट पाळली, तर तेही पुरेसं होतं.

दुसरी भीती पैशांची होती. भाड्याचं उत्पन्न गेलं तर घरगुती फोनचे दर वाढतील, असं राज्यांच्या नियामकांना वाटत होतं. नॉर्थ कॅरोलायनाच्या नियामकांनी तर आयोगाविरुद्ध खटला भरला. ते हरले, आणि १९७७मध्ये सर्वोच्च न्यायालयानं प्रकरणात लक्ष घालायला नकार दिल्यावर नवी व्यवस्था पूर्णपणे लागू झाली.

नुकसानीचा आकडा

ही व्यवस्था म्हणजे एफसीसीच्या नियमावलीचा 'भाग ६८'. वाचायला अत्यंत कंटाळवाणा. पण वाटीच्या खटल्यापासून लोंबकळत असलेल्या प्रश्नाचं उत्तर त्यात आहे. नुकसान म्हणजे काय? घातक व्होल्टेज, ठरल्यापेक्षा जोरदार सिग्नल, शेजारच्या लाइनमध्ये झिरपणारा आवाज, बिलात गडबड. प्रत्येकाला मोजता येईल अशी मर्यादा. यंत्रानं लाइनवरचा कॉल उचलला की पहिले २ सेकंद डेटा पाठवायचा नाही, हाही नियम त्यातलाच. कॉलची बिलासाठी नोंद व्हायला तेवढा वेळ लागायचा.

यंत्र उंचावरून पाडायचं, त्यावर विजेचा झटका सोडायचा आणि पुन्हा मोजायचं. गंमत म्हणजे या झटक्यानंतर यंत्र बंद पडलं तरी एक वेळ चालायचं, पण मरतानाही त्यानं लाइनला इजा करायची नाही. तुमचा फोन चांगला आहे की टुकार, याच्याशी नियमाला देणंघेणं नव्हतं. ते ग्राहक आणि दुकानदारानं पाहायचं.

चाचणीत पास झालेल्या यंत्राला नोंदणी क्रमांक मिळे आणि तो यंत्रावरच छापावा लागे. सोबत आणखी एक आकडा असे: घंटा वाजवताना हे यंत्र लाइनवर किती भार टाकतं. जुन्या साध्या फोनचा भार १ धरायचा, आणि एका लाइनवरच्या सगळ्या यंत्रांची बेरीज साधारण ५च्या आत ठेवायची. कंपनीनं विचारलं तर ग्राहकानं हे दोन आकडे सांगायचे. परवानगी मागायची गरज नाही. यंत्रामुळे खरोखर नुकसान झालं, तर कंपनीला लाइन तोडायचा हक्क होता.

प्लगही ठरवून दिला, आरजे-११. टेक्निशियनची वाट न पाहता कोणीही स्वतः यंत्र जोडू शकलं. १९८१मध्ये आलेला हेज कंपनीचा 'स्मार्टमोडेम' थेट भिंतीतल्या सॉकेटला जोडता यायचा. रिसीव्हर नको, रबरी वाट्या नकोत. घराघरांतून डायल-अप शक्य झालं ते यामुळे. भारतात १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमानं लोकांसाठी इंटरनेट खुलं केलं, तेव्हाही ते टेलिफोनच्या तारेला जोडलेल्या मोडेममधूनच आलं.

नियमाचा काचही होता. १९९८च्या सुमारास आलेले '५६के' मोडेम अमेरिकेत ५३च्या पुढे जात नसत, कारण सिग्नलच्या जोरावरची मर्यादा आडवी येई. खोक्यावर बारीक अक्षरांत तसं छापलेलं असायचं.

यादी वाढते तेव्हा

हळूहळू नुकसानीच्या यादीत तारेबरोबर माणूसही आला. १९८८च्या कायद्यानं अमेरिकेत फोन श्रवणयंत्राशी जुळणारे असणं बंधनकारक केलं. १९९१च्या कायद्यानं न मागता जाहिराती फॅक्स करण्यावर बंदी घातली. कागद पाहणाऱ्याचा खर्च व्हायचा आणि लाइनही त्याचीच अडायची. फॅक्सच्या प्रत्येक पानावर किंवा निदान पहिल्या पानावर पाठवणाऱ्याचं नाव, नंबर, तारीख आणि वेळ छापणं सक्तीचं झालं. फॅक्सच्या कागदावर दिसणाऱ्या त्या बारीक ओळीमागे हा कायदा आहे.

भारतात २०१७मध्ये टेलिग्राफ नियमांत बदल होऊन दूरसंचार उपकरणांची चाचणी आणि प्रमाणपत्र सक्तीचं झालं. २०१९मध्ये सुरू झालेल्या पहिल्या टप्प्यात मोडेम, ऑफिसचे स्विचबोर्ड आणि चक्क फॅक्स मशीनही होतं. या चाचण्यांत विजेची सुरक्षितता आहे, तांत्रिक निकष आहेत आणि सायबर सुरक्षाही आहे.

हा शेवटचा शब्द जपून वापरायचा आहे. व्होल्टेज मीटरवर दिसतं, सिग्नलचा जोर मोजता येतो. 'सुरक्षा' मात्र प्रत्येक जण आपल्या सोयीनं सांगू शकतो. धोका खरा असतो, जसा लाइनमनचा होता. पण त्या खऱ्या धोक्याच्या आडून भाड्याचा डबाही विकला गेला होता. आज प्रिंटरची कंपनी म्हणते, आमचंच काडतूस घाला, दुसऱ्यानं मशीन बिघडेल. फोनची कंपनी म्हणते, आमचाच सुटा भाग बसवा, नाहीतर सुरक्षेची हमी नाही. कधी ते खरंही असेल. पण त्यांना भाग ६८चा प्रश्न विचारायला हवा: नेमकं कोणाचं नुकसान, किती, आणि ते कशानं मोजलंत? आणि तीच चाचणी तुमच्या स्वतःच्या मालालाही लावता का?