‘सत्यम’ : फुगवलेल्या वाढीची किंमत

वाढीचे उद्दिष्ट, व्यावसायिक धोरण आणि नीतिमत्ता हे कंपनीच्या कारभाराचे तीन स्वतंत्र विषय मानले जातात. प्रत्यक्षात ते एकमेकांत किती गुंतलेले असतात, हे हैदराबादच्या ‘सत्यम कॉम्प्युटर सर्व्हिसेस’ने दाखवून दिले. १९८७ मध्ये स्थापन झालेली ही कंपनी दोन दशकांत देशातील चौथ्या क्रमांकाची सॉफ्टवेअर निर्यातदार बनली. तिचे समभाग न्यूयॉर्कच्या शेअर बाजारातही नोंदले गेले होते. २००८ मध्ये तर तिला उत्तम कंपनी-कारभारासाठी ‘गोल्डन पीकॉक’ पुरस्कारही मिळाला.

७ जानेवारी २००९ रोजी अध्यक्ष बी. रामलिंग राजू यांनी संचालक मंडळाला लिहिलेल्या पत्राने हा डोलारा कोसळला. ताळेबंदातील रोकड व बँकशिल्लक सुमारे ५,०४० कोटी रुपयांनी फुगवलेली असल्याची कबुली त्यात होती. सप्टेंबर २००८ अखेरच्या तिमाहीत २४ टक्के दाखवलेला कामकाजातील नफा प्रत्यक्षात जेमतेम ३ टक्के होता. त्या एका दिवसात कंपनीच्या समभागाचे मूल्य तीन चतुर्थांशांहून अधिक घसरले.

लहान फटीची मोठी दरी

राजू यांच्या पत्रानुसार, प्रत्यक्ष नफा आणि दाखवलेला नफा यांतील तफावत सुरुवातीला किरकोळ होती. कामगिरी खालावलेली दिसली तर कंपनी दुसऱ्याच्या ताब्यात जाईल, या भीतीने ती दरवर्षी झाकली गेली. मात्र फुगवलेल्या आकड्यावर पुढच्या वर्षीची वाढ दाखवायची, तर आणखी मोठा खोटा आकडा लागतो. वाघावर बसलेल्याला खाली उतरता येत नाही, तशी आपली स्थिती झाल्याचे त्यांनीच नमूद केले.

ही पोकळी भरण्यासाठी अखेर धोरणाचाच आधार घेतला गेला. डिसेंबर २००८ मध्ये राजू कुटुंबाशी संबंधित दोन ‘मेटास’ कंपन्या सुमारे १.६ अब्ज डॉलरना विकत घेण्याचा निर्णय ‘सत्यम’ने जाहीर केला. खोट्या रोकडीच्या जागी खरी मालमत्ता आणण्याचा तो शेवटचा प्रयत्न होता, असे पत्रात म्हटले आहे. मान्यवर स्वतंत्र संचालक असलेल्या मंडळाने प्रस्ताव मंजूर केला. गुंतवणूकदारांच्या संतापामुळे तो काही तासांतच मागे घ्यावा लागला.

सावरण्याचे शंभर दिवस

सुमारे पन्नास हजार कर्मचाऱ्यांचे पगार आणि जगभरातील ग्राहकांचा विश्वास असा दुहेरी प्रश्न आता उभा होता. केंद्र सरकारने जुने मंडळ बरखास्त करून दीपक पारेख, किरण कर्णिक, सी. अच्युतन आदींची नेमणूक केली. जुने हिशेब दुरुस्त होण्यास अवधी लागणार, हे ओळखून नव्या मंडळाने आधी पगारासाठी पैसा उभारला आणि ग्राहकांशी थेट संवाद साधला. त्यानंतर कंपनीचा खुला लिलाव पुकारण्यात आला. एप्रिल २००९ मध्ये पुण्याच्या ‘टेक महिंद्र’ने प्रतिसमभाग ५८ रुपये बोलीने ३१ टक्के हिस्सा मिळवला.

हा धाडसी व्यवहार होता, कारण खरे हिशेब हाती नसतानाच बोली लावावी लागली. मात्र ‘टेक महिंद्र’चा व्यवसाय दूरसंचार क्षेत्रावर, त्यातही ‘ब्रिटिश टेलिकॉम’वर मोठ्या प्रमाणात अवलंबून होता, ‘सत्यम’मुळे इतर क्षेत्रांतील ग्राहक मिळणार होते. अर्थात याची किंमतही चुकवावी लागली. काही हजार कर्मचाऱ्यांना कमी वेतनावर कामाची वाट पाहत थांबावे लागले. अमेरिकेतील गुंतवणूकदारांचे दावे मिटवण्यासाठी २०११ मध्ये १२.५ कोटी डॉलर मोजावे लागले. जून २०१३ मध्ये दोन्ही कंपन्यांचे विलीनीकरण पूर्ण झाले. एप्रिल २०१५ मध्ये हैदराबादच्या विशेष न्यायालयाने राजू व अन्य आरोपींना सात वर्षांची शिक्षा सुनावली. पुढच्याच महिन्यात वरच्या न्यायालयाने ती स्थगित करून त्यांना जामीन दिला.

कायदा आणि त्यापलीकडे

या प्रकरणाचा ठसा २०१३ च्या कंपनी कायद्यावर स्पष्ट दिसतो. ठरावीक काळानंतर लेखापरीक्षक बदलणे, भागधारकांना सामूहिक दावा करण्याची मुभा, गंभीर फसवणूक तपास कार्यालयाला वैधानिक दर्जा या तरतुदी त्याची साक्ष देतात. तथापि ‘सत्यम’कडे स्वतंत्र संचालक, नामांकित लेखापरीक्षक आणि पुरस्कार हे सारे आधीच होते. एखाद्या तिमाहीत नफा घटला, तर तो घटला असे सांगण्याचे धैर्य मात्र नव्हते. त्या वेळी सत्य सांगितले असते तर समभाग काही टक्क्यांनी उतरला असता. न सांगितल्याची किंमत गुंतवणूकदारांनी आणि ज्यांचा या आकड्यांशी काहीही संबंध नव्हता, अशा हजारो कर्मचाऱ्यांनी मोजली.