सुट्टी मागणाऱ्या दोघी

आपण वेचलेला कापूस ज्या गिरण्यांत जातो, तिथल्या रविवारच्या सुट्टीची ही गोष्ट. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८० मध्ये मुंबईत ‘दीनबंधु’ वर्तमानपत्र चालवायला घेतलं. गिरणी कामगारांचे हाल त्यात छापले. नुसतं छापून भागेना, म्हणून १८८४ मध्ये कामगारांची संघटना उभी केली. २४ एप्रिल १८९० च्या सभेला १०,००० कामगार जमले. तिथं दोन कामगार बायाही बोलल्या. १० जूनला मालकांनी आठवड्याची सुट्टी मान्य केली. त्या दोघींची नावं मात्र आम्हाला कुठं सापडली नाहीत. म्हणून आमच्या गटात ठरलंय, बैठकीत जी बोलेल, तिचं नाव रजिस्टरात लिहायचंच.